केसपेपर तोच, डॉक्टर नवे

नाशिकमधील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तेथील मनोविकारशास्त्र विभागात, माझा धाकटा भाऊ गेली चार वर्षे उपचार घेत आहे. या चार वर्षांत त्याच्याबरोबर मी जवळजवळ प्रत्येक वेळी गेले आहे, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. शहरात आणि शहराच्या आसपास अशी एकाहून अधिक रुग्णालये आहेत. शिवाय भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात आजही कामाला आहे आणि तेथे त्याचा आजार दोघांनाच ठाऊक आहे. हा मजकूर त्याने वाचला असून त्याच्या संमतीनेच तो येथे देत आहे. मी स्वतः एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. त्यामुळे कोणत्याही कार्यालयात गेले की माझे लक्ष आधी तेथील नोंदवह्यांकडे जाते. या लिखाणातही ते दिसेल, त्याला इलाज नाही.

आधी नाशिककरांच्या दृष्टीने या विभागाचे महत्त्व काय, ते सांगते. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिक त्या यादीत नाही. माझ्या आत्याला मी शाळेत असताना रात्रीच्या जीपने कसारा घाट उतरून ठाण्याला नेले होते, आणि शेजारीपाजारी ती कुणाच्या तरी बाळंतपणाला गेल्याचे सांगितले होते. भावाच्या वेळी आम्हाला घाटही उतरावा लागला नाही आणि खोटेही बोलावे लागले नाही, कारण हा विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच आहे आणि त्याचा बाह्यरुग्ण कक्ष त्वचारोगाच्या कक्षाला लागून आहे. बाकावर बसलेला माणूस नायट्यासाठी आला आहे की उदासीसाठी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. पहिल्या दिवशी भाऊ आत यायला तयार झाला तो केवळ या एका गोष्टीमुळे, असे तो आता सांगतो.

त्या पहिल्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते. त्याआधी दोन वर्षे आम्ही एका खासगी दवाखान्यात जात होतो. तेथे दर भेटीत पाच-सात मिनिटे मिळत आणि 'झोप लागते का, जेवण जाते का' एवढ्यावर बोलणे संपे. येथे मात्र एम.डी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या निवासी डॉक्टर मॅडमनी आमच्यासाठी जवळजवळ दीड तास दिला. त्यांनी आधी दोघांना एकत्र बसवले, मग भावाशी एकटीने बोलल्या, मग मला एकटीला बोलावले. घराण्याचा नकाशा त्यांनी कागदावर काढला: पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळे, आणि आत्याचे वर्तुळ त्यांनी पेनने काळे भरले. त्या एका काळ्या वर्तुळाकडे पाहताना, आमच्या घरात तीस वर्षे न उच्चारलेली गोष्ट कुणीतरी पहिल्यांदाच जमेच्या बाजूला लिहून घेतली, असे मला वाटले. पुढे केसपेपरवर माझ्याविषयीही एक ओळ आली. माहिती देणारी व्यक्ती: मोठी बहीण, एकाच घरात राहते, माहिती विश्वासार्ह आणि पुरेशी. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी असा शेरा कुणी लिहिला नव्हता.

मग त्यांनी भावाची मानसिक तपासणी केली. शंभरातून सात वजा करत जायला सांगितले, आजची तारीख विचारली, आणि शेवटी 'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीचा अर्थ विचारला. मॅडम मूळच्या महाराष्ट्राबाहेरच्या होत्या आणि म्हण त्यांनी एका चिठ्ठीवरून वाचली. भावाचे बोलणे त्या दिवसांत फार भरभर चालत असे. त्याने आधी त्यांचा 'ण'चा उच्चार दुरुस्त केला, मग म्हणीचा अर्थ सांगितला, मग अंगण शेणाने कसे सारवतात तेही सांगितले, आणि तेथून त्याची गाडी आमच्या जुन्या वाड्याच्या भावकीच्या वादापर्यंत पोहोचली. मॅडमनी त्याला थांबवले नाही; त्या लिहीत राहिल्या. त्या लिहीत होत्या ते उत्तर नव्हते, उत्तर कोणत्या वाटेने गेले ते होते, हे मला नंतर उमगले.

त्याच दिवशी निदान बदलले. आधीच्या ठिकाणी नैराश्य म्हणून केवळ नैराश्यावरची गोळी चालू होती. येथे मॅडमनी मला एक साधा प्रश्न विचारला, की यापूर्वी कधी असे दिवस आले होते का, जेव्हा तो तीन-चार तासच झोपायचा आणि तरी थकायचा नाही? आले होते. लग्नाआधी त्याने आठ दिवस रात्री जागून गच्चीवर कबुतरांचे खुराडे बांधले होते आणि पतपेढीतून कर्ज काढून ताडपत्र्यांचा धंदा करायला निघाला होता. आम्ही त्याला हौस समजलो होतो. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात, म्हणजे द्विध्रुवीय विकारात, केवळ नैराश्यावरची गोळी दिली तर काही रुग्णांमध्ये उन्माद उसळतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजले. अर्थात पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांनी हा निर्णय एकट्याने घेतला नाही. त्यांनी लिहिलेले सगळे आधी वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी वाचले, मग सहायक प्राध्यापकांनी आम्हाला पुन्हा काही प्रश्न विचारले आणि शेवटी युनिट प्रमुखांनी सही केली. पतसंस्थेत आम्ही एका व्हाउचरवर तीन सह्या घेतो, तसाच हा प्रकार होता आणि मला तो आवडला.

आवडला नाही तो मधला भाग. युनिट प्रमुखांच्या टेबलाभोवती सहा-सात विद्यार्थी उभे होते, आणि त्यांच्यासमोर भावाची सगळी हकीकत, कर्जासकट, मोठ्याने वाचून दाखवली गेली. शिक्षण-रुग्णालयात विद्यार्थी असणारच, त्याला माझी हरकत नाही. रुग्ण पाहिल्याशिवाय कुणी डॉक्टर होत नाही. पण 'हे विद्यार्थी थांबले तर चालेल का' एवढे एक वाक्य कुणीतरी विचारायला हवे होते. दोन महिन्यांनी मी तसे बोलून दाखवले, आणि त्यानंतर जवळजवळ दर वेळी विचारले गेले. एकदा भाऊ 'नको' म्हणाला तेव्हा विद्यार्थी निमूटपणे बाहेर गेले, हेही नमूद करायला हवे.

उपचार म्हणून लिथियम सुरू झाले. मोबाइलच्या बॅटरीतले लिथियम ते हेच का, असे भावाने विचारले, तेव्हा वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी हसून 'मूलद्रव्य तेच, पण तुमच्या पोटात जाते तो त्याचा क्षार' असे उत्तर दिले आणि १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे कसे दाखवले, ते पाच मिनिटांत सांगितले. शिकवण्याची सवय असलेल्या माणसाकडून औषध घेण्याचा हा एक वेगळाच फायदा आहे. हे औषध स्वस्त आहे आणि जुने आहे, पण उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते. ते साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मर्यादेत ठेवतात, आणि रक्ताचा नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचा असतो. सोबत मूत्रपिंडाची आणि थायरॉइडचीही तपासणी करत राहावे लागते. हे सगळे आम्हाला नीट समजावले गेले, पण तोंडी आणि गर्दीच्या दिवशी. लिहिलेला कागद कुणी दिला नाही.

त्याचा फटका पुढच्या एप्रिलमध्ये बसला. भावाचा खांदा दुखत होता म्हणून तो त्याच रुग्णालयातील अस्थिरोग विभागात गेला. तेथे त्याचा वेगळा केसपेपर निघाला. त्यावर लिथियमचा उल्लेख नव्हता, कुणी विचारले नाही, आणि आठ दिवसांची वेदनाशामक गोळी लिहून दिली गेली. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणे कमी होते आणि रक्तातील प्रमाण वाढते. वर उन्हाळा, त्यात कारखान्यातील भट्टीची पाळी आणि दोन दिवसांचे जुलाब. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बशीत चहा ओतत होता. बशी कपाला लागून एकसारखी वाजत होती आणि चहा ओट्यावर सांडत होता. लिथियममुळे येणारी नेहमीची बारीक थरथर आम्हाला माहीत होती. ही तशी नव्हती. चालतानाही त्याचा तोल जात होता. मी विभागात फोन केला. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरांनी मला तिसरे वाक्य पुरे करू दिले नाही. लिथियम लगेच थांबवा, वेदनाशामक गोळी थांबवा आणि त्याला तासाभरात घेऊन या, असे ते म्हणाले. प्रमाण १.७ निघाले. सलाइन लागले, तीन दिवस वॉर्डात राहावे लागले, आणि दर काही तासांनी रक्त घेतले गेले. त्या तीन दिवसांतील काळजीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या अंतरावर, एका माणसाचे दोन केसपेपर एकमेकांना न ओळखता नांदत होते, याबद्दल मात्र आहे. आमच्याकडे एका सभासदाची दोन खाती एकमेकांना न जोडलेली सापडली तर लेखापरीक्षक शेरा मारतो.

वॉर्डाविषयी थोडक्यात: स्वच्छता बरी, शौचालये बरी नाहीत, परिचारिका उत्तम. शेजारच्या खाटेवरील एका मुलाला विद्युत उपचार, म्हणजे लोक ज्याला 'शॉक' म्हणतात ते, दिले जात होते. ते ऐकून भाऊ घाबरला होता. सिस्टरनी त्याला सांगितले, की भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला कायद्यानेच बंदी आहे. ते खरे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये तशी तरतूद आहे आणि तो कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मुलगा सकाळी उपाशीपोटी जाई आणि नंतर परत येऊन पोहे खाई. चित्रपटांतून आपल्या डोक्यात बसलेले चित्र आणि ते पोहे यांचा काही मेळ बसत नव्हता.

याच कायद्याची आणखी एक गोष्ट विभागातील समाजसेविका ताईंनी सांगितली. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल, ते रुग्णाला आधीच ठरवून ठेवता येते, आणि त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. भावाने घरी येऊन वहीचे पान फाडले आणि माझे नाव लिहिले. वहिनी थोडी नाराज झाली. तो तिला म्हणाला, "तू रडशील, ती भांडेल."

आता मुख्य मुद्द्याकडे येते. एम.डी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, आणि त्या तीन वर्षांतही निवासी डॉक्टर बाह्यरुग्ण कक्ष, वॉर्ड, व्यसनमुक्ती, बालमार्गदर्शन असे फिरत राहतात. चार वर्षांत भावाला पाच डॉक्टर झाले. केसपेपरचा क्रमांक तोच, खोली तीच, खुर्चीवर माणूस नवा, आणि प्रश्न पुन्हा पहिला: त्रास कधीपासून आहे? तिसऱ्या वेळी भाऊ वैतागून म्हणाला, "डॉक्टर, मी दर वर्षी पहिलीतच बसायचे का?" ज्या मॅडमनी आत्याचे वर्तुळ काळे केले, त्या एके दिवशी दिसल्या नाहीत. त्या परीक्षेच्या सुट्टीवर गेल्याचे आणि परत येणार नसल्याचे आम्हाला नव्या डॉक्टरांकडून कळले. मनाच्या आजारात माणसावर बसलेला विश्वास हा उपचाराचाच भाग असतो, आणि तो असा न सांगता काढून घेणे मला बरे वाटत नाही. निरोपाची दोन मिनिटे वेळापत्रकात बसवणे इतके अवघड नसावे.

हे मी रागाने लिहिले, पण वहीतील दुसरी नोंदही दाखवायला हवी. जे तिसरे डॉक्टर पुन्हा पहिलीपासून विचारत होते, त्यांनीच फाइल उलटताना थायरॉइडची शेवटची तपासणी चौदा महिन्यांपूर्वीची असल्याचे पकडले. लिथियम घेणाऱ्यांची ती साधारण सहा महिन्यांनी व्हायला हवी. आधीच्या दोघांना भावाची ओळख होती, तो कसा बोलतो, कसा हसतो हे ठाऊक होते, आणि 'तुम्ही छान आहात' असे म्हणत भेट आटोपत होती. नव्या माणसाला ती ओळख नव्हती म्हणून त्याने कागद वाचला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक, वाढलेले निघाले. भावाचा जो थकवा आणि वाढलेले वजन आम्ही नैराश्याच्या खाती टाकत होतो, तो बराचसा थायरॉइडचा होता. लेव्होथायरॉक्सिनची छोटी गोळी सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत तो पुन्हा सकाळी गोदाकाठी फिरायला जाऊ लागला. म्हणजे जो दोष मी चार माणसांना सांगत फिरते, त्याच दोषाने भावाचे एक वर्ष वाचवले. त्यामुळे 'एकच कायमचा डॉक्टर हवा' अशी मागणी मी आता करत नाही. डॉक्टर बदलू द्यावेत. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी एक पान लिहून ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

संशोधनाचा अनुभव थोडा वेगळा. एम.डी.साठी प्रबंध लिहावा लागतो. तो जातो महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, जे १९९८ मध्ये स्थापन झाले आणि ज्याचे मुख्यालय येथेच, म्हसरूळला आहे. दिंडोरी रस्त्याने जाताना आपण ती इमारत पाहतो, पण तेथे जाणाऱ्या कागदांत आपलीही उत्तरे असू शकतात हे कधी मनात येत नाही. चौथ्या डॉक्टरांचा प्रबंध रुग्णांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांवरील भाराविषयी होता आणि त्यांनी मला सहभागी व्हाल का, असे विचारले. मराठीतील माहितीपत्रक वाचायला दिले, घरी न्यायला दिले, आणि नाही म्हटले तरी किंवा मध्येच सोडले तरी भावाच्या उपचारात फरक पडणार नाही, हे लेखी दिले. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता असल्याचेही त्यात होते. प्रश्नावली असा भार मोजणारी, झारिट यांची, बावीस प्रश्नांची. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण अठ्ठ्याऐंशी. माहितीपत्रकाची मराठी इतकी जड होती की 'काळजीवाहक' म्हणजे मीच, हे समजायला मला अर्धे पान लागले. नातेवाइकाच्या वागण्याने संकोच वाटतो का, अशा अर्थाच्या प्रश्नापाशी मी थबकले, कारण भाऊ शेजारीच बसला होता. डॉक्टरांच्या ते लक्षात आले. त्यांनी भावाला वजन करून यायला सांगितले, तो गेल्यावर दार लोटले आणि प्रश्न पुन्हा विचारला. मी खरे उत्तर दिले. चार वर्षांत 'तुमचे कसे चालले आहे' असे मला तेथे पहिल्यांदा विचारले गेले ते एका प्रबंधासाठी, याची गंमतही वाटते आणि थोडे वाईटही वाटते. माझे गुण काढून दाखवल्यावर त्यांनी मला शनिवारच्या नातेवाइकांच्या बैठकीला पाठवले, हा प्रत्यक्ष लाभ. मात्र एकूण अभ्यासातून काय निष्पन्न झाले, ते आम्हा सहभागी लोकांना आजतागायत कुणी कळवलेले नाही. भिंतीवर एक पान चिकटवले असते तरी पुरले असते.

बाकी किरकोळ गोष्टी. सकाळी साडेआठला केसपेपर काढला तर साडेअकरापर्यंत मोकळे होता येते. सोमवारी मुळीच जाऊ नये. एका खोलीत दोन डॉक्टर दोन रुग्णांशी बोलतात आणि मध्ये फक्त पडदा असतो. पलीकडच्या बाईंच्या सासूचा स्वभाव मला आता पाठ झाला आहे. मानसशास्त्रज्ञांकडे समुपदेशनाची वेळ तीन-तीन आठवडे मिळत नाही. औषधे बहुधा रुग्णालयातच मिळतात, पण लिथियम मधूनच संपते, म्हणून पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवावा. जाताना जुने सगळे कागद न्यावेत, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी न्यावी, आणि रुग्णाबरोबर त्याच घरात झोपणारे माणूस न्यावे. लांबून आलेल्या काकांना रात्री तो किती वाजता उठतो ते माहीत नसते. लिथियमच्या रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी नमुना दिल्यानंतरच घ्यावी.

एप्रिलच्या त्या प्रकारानंतर मी एक दोनशे पानी वही घातली आहे. डाव्या पानावर तारीख, गोळ्या आणि रक्ताचे आकडे, उजव्या पानावर झोपेचे तास. यंदा चौथे डॉक्टर गेले ते मात्र सांगून गेले. जाण्याआधी त्यांनी फाइलच्या अगदी वर एक पान लावले आहे. त्यावर निदान, औषधे, पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि 'वेदनाशामक देण्यापूर्वी विचारा' असे लाल शाईत लिहिले आहे, आणि खाली एक ओळ मराठीत आहे: ताईंकडे वही आहे, ती आधी पाहावी. पाचव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ती मागितली.